सांकेतिक भाषेवरील प्रश्न आणि मराठी परीक्षार्थी : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची 'सांकेतिक भाषा' या प्रश्नप्रकाराशी पहिली ओळख बहुधा शिष्यवृत्ती परीक्षेच्या निमित्ताने होते. पूर्वी इयत्ता चौथी व सातवीसाठी घेतली जाणारी ही परीक्षा २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीसाठी घेतली जाऊ लागली. तिच्यातील बुद्धिमत्ता चाचणीत अक्षरमालिका, सांकेतिक शब्द व अंकसंकेत यांचा समावेश असतो. हाच प्रश्नप्रकार पुढे पोलीस भरती, तलाठी भरती, बँकांच्या परीक्षा आणि राज्यसेवा अशा पायऱ्या चढत परीक्षार्थ्याची सोबत करतो. संघ लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्व परीक्षेत कलमापनाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये तोच मार्ग स्वीकारला आणि तर्क व अनुमान यांवरील प्रश्नांचे महत्त्व वाढले. या प्रश्नांतील एखाद-दुसऱ्या गुणावर नोकरी मिळणे वा हुकणे अवलंबून असते. असे असूनही त्यांची चर्चा 'कसे सोडवावेत' या पलीकडे सहसा जात नाही. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके युक्त्या सांगतात, पण प्रश्नाची घडण तपासत नाहीत.

हा प्रश्नप्रकार नेमकी कोणती क्षमता मोजतो, ती मोजताना भाषा व लिपी यांचा कितपत विचार केला जातो आणि मराठी माध्यमाच्या परीक्षार्थ्याला तो समान न्याय देतो काय, या तीन प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रश्नांचे प्रकार व त्यांमागील तर्क

परीक्षांत आढळणाऱ्या सांकेतिक प्रश्नांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. पहिला प्रकार अक्षरांच्या सरकण्याचा. 'सी-ए-टी' या अक्षरांसाठी 'डी-बी-यू' लिहिले, तर प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकले आहे हे ओळखून तोच नियम दुसऱ्या शब्दास लावायचा. ज्यूलियस सीझर आपल्या खासगी पत्रांत अक्षरे तीन घरे सरकवून लिहीत असे, अशी नोंद रोमन चरित्रकार सुएटोनियस याने केली आहे. परीक्षेतील हा प्रश्न त्याच युक्तीचे बालरूप होय. वर्णमाला उलटी धरून 'ए'साठी 'झेड' आणि 'बी'साठी 'वाय' लिहिणे हा याचाच उपप्रकार असून त्यात दोन्ही अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी २७ येते.

दुसरा प्रकार अंकसंकेताचा. यात अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज, गुणाकार वा अन्य क्रिया करून शब्दाला एक संख्या दिलेली असते. तिसरा प्रकार नावांच्या अदलाबदलीचा : आकाशाला पाणी म्हटले, पाण्याला जमीन म्हटले आणि जमिनीला वारा म्हटले, तर मासे कोठे राहतात? याचे उत्तर 'जमीन'. येथे अक्षरांचे ज्ञान लागत नाही. शब्दाचा रूढ अर्थ मनात जोर करीत असताना नव्या नियमाला चिकटून राहण्याची शिस्त मात्र लागते.

चौथा प्रकार वाक्यसंकेताचा असून तर्काच्या दृष्टीने तो सर्वांत निर्मळ आहे. 'का ता पो' म्हणजे 'आई भाजी चिरते', 'ता मी रो' म्हणजे 'भाऊ भाजी आणतो' आणि 'मी का झे' म्हणजे 'आई आणि भाऊ' असे दिले, तर पहिल्या दोन वाक्यांत समान असलेला 'ता' म्हणजे 'भाजी', पहिल्या व तिसऱ्यात समान असलेला 'का' म्हणजे 'आई', दुसऱ्या व तिसऱ्यात समान असलेला 'मी' म्हणजे 'भाऊ' हे निश्चित होते. उरलेल्या 'पो', 'रो' व 'झे' यांचे अर्थ आपोआप उलगडतात. संकेतशब्दांचा क्रम वाक्यातील शब्दांच्या क्रमाशी जुळलाच पाहिजे असे नाही. समान काय व भिन्न काय हे पाहिले की पुरे. उत्तरापर्यंत नेणारी सर्व सामग्री प्रश्नातच असल्याने बाहेरच्या कोणत्याही माहितीवर येथे विसंबावे लागत नाही.

या चार प्रकारांना 'बुद्धिमत्ता' या एकाच नावाखाली गोवले जाते. वास्तविक पहिले दोन प्रकार पाठांतर व आकडेमोडीवर, तिसरा अवधानावर आणि चौथा अनुमानावर उभा आहे.

संकेतांची आपली परंपरा

सांकेतिक लेखन ही परदेशातून आलेली वस्तू आहे असा समज प्रश्नपत्रिकांतील रोमन अक्षरांमुळे होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणजे गूढ भाषेची कला गणली आहे. यशोधराच्या जयमंगला टीकेत तिच्या स्पष्टीकरणात कौटिलीय व मूलदेवीय असे प्रकार येतात. मूलदेवीय प्रकारात ठरावीक अक्षरांच्या जोड्या लावून ती परस्परांच्या जागी योजली जातात.

अंकसंकेताची परंपरा तर अधिक समृद्ध आहे. आर्यभटाने 'क' ते 'म' या पंचवीस वर्गीय व्यंजनांना १ ते २५ ही मूल्ये दिली, तर 'य' ते 'ह' यांना ३० ते १०० अशी दशकांची मूल्ये दिली. कटपयादी पद्धतीत 'क', 'ट', 'प' आणि 'य' या चारही अक्षरांपासून मोजणी पुन्हा १ ने सुरू होते. कर्नाटक संगीतातील ७२ मेळकर्त्यांची नावे या पद्धतीने क्रमांक सांगतात. 'धीरशंकराभरण' या नावातील 'धी' म्हणजे ९ व 'र' म्हणजे २. अंक उजवीकडून डावीकडे वाचले की २९ हा त्या मेळाचा क्रमांक मिळतो. 'मेचकल्याणी'तील 'मे' म्हणजे ५ व 'च' म्हणजे ६, म्हणून क्रमांक ६५. एका अंकासाठी अनेक अक्षरे उपलब्ध असल्यामुळे रचनाकाराला अर्थपूर्ण शब्द निवडता येतो आणि तो शब्द स्मरणात राहतो.

मराठीपुरते पाहिले तर महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपींत जतन केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी सकळ लिपीची उकल केल्यानंतर प्राचीन मराठी गद्याचे मोठे दालन अभ्यासकांना खुले झाले. लिखित परंपरेबाहेरही करपल्लवी व नेत्रपल्लवी आहेत, आणि शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन त्याच्या जागी 'च' घालणारी मुलांची 'च'ची भाषा आहे. 'मला' या शब्दाचे 'चलाम' करणारे सात-आठ वर्षांचे मूल अक्षरविपर्ययाचा नियम कोणत्याही शिकवणीविना आत्मसात करते आणि तो बोलण्याच्या वेगाने राबवते.

या सर्व संकेतांना काही प्रयोजन होते. कोठे गुप्तता, कोठे स्मरणसुलभता, कोठे निव्वळ खेळ. संकेताचे प्रयोजन ठाऊक असले की त्याच्या रचनेतील निवडीही समजतात. परीक्षेतील संकेताला असे प्रयोजन नसते आणि तो कोणतीही मनमानी रचना धारण करू शकतो. त्याचे दोष मुख्यतः येथून उद्भवतात.

वर्णक्रमाचा प्रश्न : रोमन आणि देवनागरी

रोमन वर्णमालेचा क्रम हा इतिहासाने हाती आलेला क्रम आहे. 'बी'नंतर 'सी' का येते याला ध्वनीच्या अंगाने काही उत्तर नाही. तो क्रम केवळ पाठ करावा लागतो, आणि सांकेतिक प्रश्न वेळेत सोडवायचे तर अक्षरांचे क्रमांकही पाठ असावे लागतात. म्हणूनच शिकवणी वर्गांतून 'ई-जे-ओ-टी-वाय' हा मंत्र दिला जातो. ही पाच अक्षरे अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ या स्थानी असल्याने शेजारच्या अक्षरांचे क्रमांक चटकन काढता येतात. हा मंत्र ठाऊक असलेला आणि नसलेला असे दोन परीक्षार्थी समान बुद्धीचे असले तरी त्यांना लागणारा वेळ समान नसतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास ५४ सेकंद मिळतात. लोकसेवा आयोगाच्या कलमापनाच्या प्रश्नपत्रिकेत १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे दीड मिनिट. इतक्या अल्प वेळात बोटांवर अक्षरे मोजत बसणारा उमेदवार तर्कात नव्हे, मोजणीत मागे पडतो.

यावर सोपा उपाय म्हणून काही प्रश्नकर्ते रोमनऐवजी देवनागरी अक्षरे घेतात. हेतू स्तुत्य असला तरी रचना बहुधा रोमनचीच राहते. त्यामुळे नव्या अडचणी उभ्या राहतात. उदाहरणार्थ, 'कमल'साठी 'खयव' लिहिले तर 'नगर'साठी काय, हा प्रश्न निर्दोष आहे. प्रत्येक व्यंजन एक घर पुढे नेले की 'पघल' हे उत्तर येते. पण त्याच नियमाने 'हवा' हा शब्द विचारला तर? 'ह'नंतर 'ळ' येतो, पण तो गाळून 'क्ष' धरणारे वा पुन्हा 'क'कडे वळणारेही आहेत. 'पत्र' या शब्दातील 'त्र' हे एक अक्षर मानायचे की 'त' व 'र' अशी दोन व्यंजने? 'बाजार' या शब्दातील काना जागीच राहणार की मात्राही पुढे सरकणार? 'कमल' या उदाहरणात 'अ' हा स्वर सरकलेला नाही, म्हणून स्वर स्थिर धरावा असा युक्तिवाद करता येईल. परंतु तेथील 'अ' लिहून दाखवलेला नसल्याने उलट युक्तिवादालाही जागा उरते.

याच्या मुळाशी एक मूलभूत भेद आहे. रोमन लिपीत स्वर व व्यंजन ही दोन्ही स्वतंत्र व समान दर्जाची चिन्हे आहेत. देवनागरीत लेखनाचे एकक 'अक्षर' असते आणि ते एकाहून अधिक वर्णांचे बनलेले असू शकते. शिवाय वर्णसंख्येबाबतही एकवाक्यता नाही. परंपरेने मराठीत ४८ वर्ण सांगितले जात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' यांनाही वर्णमालेत स्थान मिळाले. जी वर्णमाला किती घरांची आहे हेच प्रश्नपत्रिकेत सांगितलेले नाही, तिच्यावर घरे मोजण्याचा प्रश्न बेतणे युक्त नव्हे.

मात्र देवनागरीचे जे वैशिष्ट्य अडचणीचे वाटते तेच तिचे सामर्थ्यही आहे. 'क' ते 'म' ही पंचवीस व्यंजने पाच ओळी व पाच स्तंभ अशा कोष्टकात बसतात. ओळ उच्चारस्थान सांगते, स्तंभ उच्चारप्रयत्न सांगतो. देवनागरीत पाच घरे पुढे जाणे म्हणजे कंठ्याकडून तालव्याकडे, तेथून मूर्धन्याकडे, दंत्याकडे व ओष्ठ्याकडे जाणे होय. रोमनमध्ये पाच घरे सरकण्याला असा काही अर्थ नाही. या रचनेचा उपयोग करून खऱ्या अर्थाने विचार करायला लावणारा प्रश्न घडवता येतो. समजा, 'कपट'साठी 'गबड' आणि 'मत'साठी 'मद' असे लिहिले, तर 'पवन'साठी काय? पहिल्या उदाहरणावरून प्रत्येक व्यंजन दोन घरे पुढे गेले असे वाटते. दुसरे उदाहरण हा तर्क मोडते, कारण 'म' जागचा हललेला नाही. नियम मोजणीचा नसून उच्चाराचा आहे. अघोष व्यंजन त्याच वर्गातील घोष व्यंजनात बदलते आणि जे मुळात घोष आहे ते तसेच राहते. म्हणून उत्तर 'बवन'. मराठी शाळेत वर्णमाला उच्चारानुसार शिकलेल्या मुलाला हा नियम कानाने सापडू शकतो. अशा प्रश्नात भाषेचे ज्ञान आणि तर्क एकत्र येतात.

नियम एक की अनेक?

सांकेतिक प्रश्नांना 'तर्कावरील प्रश्न' म्हटले जात असले तरी त्यांतील बहुतेक प्रश्न निगमनाचे नसून उद्गमनाचे असतात. एक-दोन उदाहरणे देऊन नियम शोधायला सांगितले जाते. मर्यादित उदाहरणांत बसणारे नियम मात्र एकाहून अधिक असू शकतात. 'ए-सी-ई' या अक्षरगटासाठी ९ ही संख्या दिली आणि 'बी-एफ'साठी काय असे विचारले, तर क्रमांकांची बेरीज करणारा (१ + ३ + ५ = ९) ८ हे उत्तर देईल. अक्षरांच्या संख्येचा वर्ग करणारा (३ × ३ = ९) ४ हे उत्तर देईल. दोन्ही नियम दिलेल्या उदाहरणाशी सुसंगत आहेत. पर्यायांत ८ व ४ ही दोन्ही उत्तरे असतील, तर परीक्षार्थ्याने कोणते निवडावे? तो अखेर सत्य शोधत नाही. प्रश्नकर्त्याच्या मनात काय असेल याचा अंदाज तो बांधतो.

हा अंदाज बांधण्याचे कौशल्य जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून येते. कोणते नियम 'चालतात' आणि कोणते 'चालत नाहीत' याचा एक अलिखित संकेत प्रश्नकर्ते व शिकवणी वर्ग यांच्यात तयार झालेला असतो. जो त्या वर्तुळात आहे त्याला प्रश्न सुगम वाटतो. जो बाहेर आहे त्याला आपली बुद्धी कमी पडली असे वाटते. प्रथम उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची व त्यानंतर अंतिम उत्तरतालिका देण्याची लोकसेवा आयोगाची पद्धत या दृष्टीने स्वागतार्ह आहे. तथापि ज्याला आपला नियमही तितकाच ग्राह्य होता हे मांडण्याचे धैर्य नाही, तो हरकत घेत नाही. म्हणून प्रश्नाचे एकमेव उत्तर निश्चित करण्याची जबाबदारी मुळात प्रश्नकर्त्याची आहे.

भाषांतर की रूपांतर?

वाक्यसंकेताचा प्रकार सर्वांत निर्मळ असल्याचे वर म्हटले आहे. तोही भाषांतरात बिघडू शकतो. इंग्रजी प्रश्नात 'गो होम' आणि 'होम इज फार' अशी दोन वाक्ये असतील, तर 'होम' हा समान शब्द आणि त्याचा समान संकेत सहज सापडतो. मराठीत याच वाक्यांची 'घरी जा' आणि 'घर दूर आहे' अशी रूपे होतात. 'घरी' व 'घर' हे दोन भिन्न शब्द मानायचे की एकाच शब्दाची रूपे? समान शब्दावर उभी असलेली सारी इमारत येथे डळमळते. मराठी ही विकारी भाषा आहे. लिंग, वचन व विभक्ती यांनुसार शब्द रूप पालटतात, 'मुलगा' हा 'मुलाने' होतो आणि 'आणतो'ची 'आणते' होते. इंग्रजी प्रश्न शब्दशः मराठीत आणला तर तो कधी चुकीचा होतो, कधी नकळत अधिक कठीण होतो.

मानसमापनाच्या इतिहासात ही जाणीव नवी नाही. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेली बिने-सिमाँ चाचणी वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात कानडी व मराठी भाषक मुलांसाठी आणली, तेव्हा केवळ भाषांतर न करता येथील मुलांवर ती पडताळून तिचे रूपांतर केले. जी काळजी प्राथमिक शाळेतील मुलांसाठी त्या काळी घेतली गेली ती लक्षावधी उमेदवारांच्या परीक्षांत आज घेतली जावी, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. २०१४ मध्ये कलमापनाच्या प्रश्नपत्रिकेविरुद्ध दिल्लीत जे आंदोलन झाले, त्यातील एक मुख्य तक्रार सदोष भाषांतराची होती. पुढे २०१५ मध्ये संघ लोकसेवा आयोगाची ती प्रश्नपत्रिका ३३ टक्के गुणांच्या पात्रतेपुरती करण्यात आली. महाराष्ट्रातही २०२२ मध्ये तसाच निर्णय झाला. त्यामुळे राज्यसेवेतील ताण कमी झाला. ज्या कनिष्ठ पदांच्या भरतीत बुद्धिमत्ता चाचणीचा प्रत्येक गुण अंतिम यादीत मोजला जातो, तेथे मात्र प्रश्न तसाच आहे. आणि शिकवणीचा खर्च न परवडणारा ग्रामीण उमेदवार याच भरतीत मोठ्या संख्येने असतो.

एक अनुकरणीय आदर्श

भाषा व तर्क यांचा मेळ घालणाऱ्या प्रश्नांचा एक उत्तम नमुना भाषाविज्ञान ऑलिम्पियाडमध्ये पाहावयास मिळतो. १९६५ मध्ये मॉस्को येथे सुरू झालेल्या या परंपरेतून २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा आकारास आली. २०१६ ची स्पर्धा म्हैसूर येथे झाली. भारतात पाणिनी भाषाविज्ञान ऑलिम्पियाडद्वारे विद्यार्थ्यांची निवड होते. या स्पर्धेत अपरिचित भाषेतील काही वाक्ये व त्यांचे अर्थ दिलेले असतात. त्यावरून त्या भाषेचे नियम शोधून नवी वाक्ये घडवायची असतात. प्रश्न स्वयंपूर्ण असतो, पूर्वज्ञान लागत नाही आणि संकेत मनमानी नसतो, कारण तो माणसांनी बोललेल्या भाषेचाच नियम असतो. उत्तराबरोबर नियमाचे स्पष्टीकरणही मागितले जाते, त्यामुळे अंदाजाने मारलेला बाण आणि विचाराने गाठलेले उत्तर यांत फरक करता येतो. लक्षावधी उत्तरपत्रिका यंत्राने तपासणाऱ्या परीक्षेत स्पष्टीकरण मागणे शक्य नाही, हे मान्य. पण स्वयंपूर्णतेचे तत्त्व बहुपर्यायी प्रश्नातही पाळता येते.

समारोप

सांकेतिक भाषेवरील प्रश्न परीक्षांतून वगळावेत असा या विवेचनाचा रोख नाही. नियम ओळखणे, तो धरून ठेवणे आणि नव्या ठिकाणी लावणे ही क्षमता कारकुनापासून प्रशासकापर्यंत सर्वांनाच हवी असते. प्रश्न आहे तो मोजपट्टी सरळ असण्याचा. त्यासाठी काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. वर्णक्रमावरील प्रश्नात ती वर्णमाला क्रमांकांसह छापून द्यावी, म्हणजे पाठांतराचा लाभ गळून पडेल. देवनागरी प्रश्नात मात्रा, जोडाक्षरे व वर्णमालेचा शेवट यांविषयीचा नियम स्पष्ट सांगावा. प्रत्येक प्रश्नात किमान दोन उदाहरणे द्यावीत आणि दुसरे उदाहरण पहिल्याला लागू पडणारे पर्यायी नियम बाद करणारे असावे. वाक्यसंकेताचे प्रश्न मराठीतच रचावेत, इंग्रजीतून आणू नयेत.

कूट घालणे आणि कूट सोडवणे या दोन्ही कला मराठी समाजाला नव्या नाहीत. ग्रंथ जपण्यासाठी लिपी घडवणाऱ्या महंतांपासून अंगणात 'च'ची भाषा बोलणाऱ्या मुलांपर्यंत ही बुद्धी येथे नांदत आलेली आहे. तिची परीक्षा घेताना निदान तिच्या वर्णमालेची ओळख परीक्षकाला असावी, एवढीच माफक अपेक्षा आहे.